आगोटीचे डबे आणि दूध-तुपाविना जेवण

पागोळी

चार दिवस पाऊस धरून बसला आहे. आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीकाठी. भाजीचा टेंपो दर बुधवारी येतो, पण घाटीत दरड आल्यामुळे या बुधवारी आला नाही. घरात आम्ही तिघी: मी, सासूबाई आणि पुण्याहून आलेली माझी लेक.

लेक गेल्या वर्षापासून वीगन आहे. म्हणजे मासे-अंडी नाहीतच, शिवाय दूध, दही, ताक, तूप, मध हेही नाही. ती यायच्या आधी मला खरंच धास्ती होती. भाजी नाही, दूध चालत नाही, मग या पोरीला रोज वाढायचं काय? कोठीच्या खोलीत जाऊन एकेक डबा उघडून बघितला. तांदूळ, तांदळाचं पीठ, नाचणीचं पीठ, कुळथाचं पीठ, काळे वाटाणे, चवळी, तूरडाळ, जाडे-पातळ पोहे, गूळ, शेंगदाणे, आमसुलं, आगळाची बाटली, आंबोशी, सांडगी मिरची, मेतकूट. कोपऱ्यात नारळांचा ढीग आणि मातीत पुरून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. मे महिन्यात उन्हातान्हात जी आगोटीची, म्हणजे पावसाळा लागायच्या आधीची, बेगमी केली, तिच्यात दुधा-तुपाचा पदार्थ जवळजवळ नव्हताच. हे इतकी वर्षं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

पहिल्या रात्री कुळथाची पिठी केली. कृती नीट लिहिते, कारण हल्ली मुली विचारतात. आमच्याकडे कुळीथ भाजून, भरडून, पाखडून सालं काढतो आणि मग दळतो, त्यामुळे पीठ खमंग असतं. तिघींसाठी चार मोठे चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवून घेतलं. गारच पाणी हवं, गरम पाण्यात गुठळ्या होतात. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या आणि दोन सुक्या मिरच्या. लसूण बदामी झाली की अडीच वाट्या पाणी, मीठ आणि चार आमसुलं. पाण्याला खळखळून उकळी आली की एका हाताने कालवलेलं पीठ ओतायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळायचं. या वेळी तिथून हलायचं नाही, पिठी बघता बघता उतू जाते. पाच-सात मिनिटांत कच्चा वास जातो आणि कुळथाचा तो ओळखीचा वास घरभर होतो. वरून मूठभर ओलं खोबरं. सोबत मऊभात आणि तळलेली सांडगी मिरची. मिरची घरी वाळवताना मी ताक लावत नाही, मीठ-मेथीचीच करते, म्हणून लेकीला चालली. विकतची घेतलीत तर बघून घ्या, बहुतेक ताकातली असते.

आता मला तुमच्याकडून हवंय ते असं: तुमच्या डब्यांतून दूध-तुपाविना पोटभरीचं काय निघतं? बाजारातून काही आणायला सांगू नका, बाजार बंद आहे.

तिरफळ

पागोळीताई, मी मालवणकडची. आमच्याकडे पहिलं उत्तर एकच, काळे वाटाणे. आमच्याकडे तेका सांबारा म्हणतत आणि सणावारी वड्यांबरोबर तोच असता.

वाटाणे रात्रभर भिजवायचे, दहा-बारा तास तरी. सकाळी पाणी बदलून मीठ घालून शिजवायचे. वाटपाला कांदा उभा चिरून तेलावर चांगला काळपट होईपर्यंत परतायचा, मग किसलेलं सुकं खोबरं. खोबरं करपलं की सांबारा कडू होतो, त्यामुळे इथे घाई नको. मालवणी मसाला त्या वाटपातच घालून पाट्यावर गंधासारखं वाटायचं. वाटाण्याचं शिजलेलं पाणी फेकू नका, रसाला तेच घाला. शेवटी दोन आमसुलं.

बरोबर घावन. घावनाला तांदळाचं पीठ, मीठ आणि पाणी, बस. आंबवायचं नाही की ताक घालायचं नाही. पीठ पातळ ताकासारखं हवं आणि ओतताना दर वेळी तळापासून ढवळायचं, नाहीतर पीठ खाली बसतं आणि वरचं नुसतं पाणी तव्यावर पडतं. तवा बिडाचा. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवा, मग पीठ कडेने सुरू करून मध्याकडे ओता. झाकण ठेवा. कडा सुटल्या की उचला. पहिला घावन चिकटतो, त्यावरून तव्याचा ताव कळतो.

पडवी

वाचून तोंडाला पाणी सुटलं, पण एक मनापासून विचारतो. मऊभात तुपाशिवाय कसा खायचा? माझी आजी म्हणायची, तूप नसेल तर मऊभात आजाऱ्याचा. मला ती चव इतकी लहानपणापासूनची आहे की तिच्या जागी दुसरं काही सुचतच नाही.

पागोळी

पडवी, तुमचं म्हणणं समजतंय. मीही तुपावरच वाढलेय आणि माझ्या पानात अजून तूप असतं.

पण लेकीसाठी काल एक केलं आणि ते मला स्वतःलाही आवडलं. नारळ खवून थोड्या कोमट पाण्यात कुस्करला आणि पहिलं जाड दूध पिळून काढलं. वाफाळता मऊभात ताटलीत घेऊन मध्ये खळगा केला, त्यात दोन चमचे ते दूध, चिमूटभर मीठ आणि वर मेतकूट. कालवलं की मेतकुटाचा भाजलेला वास आणि नारळाची गोडी एकत्र येते. तुपाची चव ती नव्हे. ही वेगळी आहे आणि भाताला शोभते. घाण्याचं ताजं खोबरेल असेल तर तेही चालतं, फक्त खवट वास नाही ना ते आधी बघायचं.

सासूबाई जेवताना सांगत होत्या, त्यांच्या माहेरी पावसाळ्यात गाय आटलेली असायची. मे महिन्यापर्यंत कढवलेलं तूप सणाला आणि पाहुण्याला. घरातली मुलं पेज आणि पिठीवरच वाढली. त्या म्हणाल्या, "हिला वाढायला काय नवीन शिकायचंय? आम्ही खात होतो तेच वाढ."

बंदरकाठ

मी रायगडातल्या मासेमारी करणाऱ्या घरातली. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत लोकांना वाटतं आम्ही सुकटीवरच जगतो. सुकट असतेच, पण रोज कोण खाणार? आमच्या घरात वाल, चवळी आणि मसाल्याचा डबा या तीन गोष्टींवर पावसाळा निघतो. मसाला घरचा, त्यात मिरची, धणे आणि गरम मसाला, दुसरं काही नाही.

वालाचं बिरडं करायचं तर दोन दिवस आधी विचार करावा लागतो. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून सोलायचे. सोलायचं काम कंटाळवाणं आहे, पण घरातल्या सगळ्यांनी बसून केलं की गप्पांत होतं. बिरड्याला खोबरं, गुळाचा खडा आणि कोकम हवंच.

दुसरं सांगते ते 2020 सालचं. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. छपरं उडाली, माडाच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक आठवडे नव्हती. मिक्सर नाही, फ्रिज नाही. माझ्या घरात तेव्हा वीगन कोणी नव्हतं, पण दूध टिकतच नव्हतं, मग आपोआपच जेवण तसं झालं. अंगणात पडलेले नारळ गोळा करून आईने पुढचे कितीतरी दिवस नारळाच्या दुधावर काढले. मिक्सरशिवाय दूध कसं काढायचं ते तेव्हा शिकले: नारळ विळीवर बारीक खवायचा, खडबडीत नाही. दोन वाट्या कीस, वाटीभर कोमट पाणी, पाच मिनिटं हाताने चोळत राहायचं, मग पंचातून पिळायचं. तोच चोथा पुन्हा पाणी घालून पिळला की दुसरं पातळ दूध. आमटी आधी पातळ दुधात शिजवायची आणि जाड दूध शेवटी घालायचं. जाड दूध घातल्यावर खळखळ उकळलं तर फाटतं. नुसती वाफ आली की उतरवायचं. आणि ते दूध त्याच दिवशी संपवायचं.

चाकरमानी

मी ठाण्यात एकटा राहतो, गाव राजापूर. वीगन नाही, पण दुधाने पोट बिघडतं म्हणून सोडलंय. माझ्याकडे तांदूळ, तूरडाळ, पातळ पोहे, शेंगदाणे, गूळ आणि आईने दिलेली आमसुलं एवढंच आहे. नारळ रोज मिळत नाही. कडधान्य भिजवायला मी हमखास विसरतो. मला काही सांगा.

तिरफळ

चाकरमानी, भिजवायला विसरलात तर तीन वाटा आहेत. एक, कुळथाचं पीठ, त्याला भिजवणं नाहीच. आईकडून किलोभर मागवा. दोन, मसूर, ती न भिजवता शिजते. तीन, चवळीवर उकळतं पाणी ओतून घट्ट झाकण ठेवा, तासाभराने कुकरला लावा.

आणि शेंगदाणे आहेत ना? मग आमटी करा. भाजून सालं काढलेले वाटीभर दाणे, हिरवी मिरची, जिरं, पाणी घालून मिक्सरला अगदी बारीक. पातेल्यात जिऱ्याची फोडणी, त्यावर हे वाटण, तीन वाट्या पाणी, तीन आमसुलं, गूळ, मीठ. मंद आचेवर ठेवा, दाण्याची आमटी लगेच खाली धरते. भातावर ओता. उपासाला सगळीकडे करतात तीच, एरवी का करत नाहीत मला कळत नाही.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. 22 जुलै 2021 ला पहाटेपासून पाणी चढायला लागलं. आम्ही हाताला आलं ते घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. खालचं धान्य, पीठ, गॅसची शेगडी, सगळं पाण्यात गेलं. वर आणलेल्या पिशवीत पोहे, गूळ, चिंच, मीठ, मिरचीपूड आणि दोन नारळ होते. विस्तव नव्हता. आम्ही पाच माणसं होतो.

बायकोने त्यात कोळाचे पोहे केले. आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या दिवशी, अभ्यंगस्नान झालं की हे पोहे असतात. एरवी फोडणी देतो, त्या दिवशी नव्हती. नारळ कोयत्याने फोडून पाणी वेगळं ठेवलं. खोबरं खवायला खवणी नव्हती, म्हणून सुरीने बारीक चिरून बाटलीच्या बुडाने ठेचलं आणि पिण्याच्या पाण्यात कुस्करून दूध काढलं. चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, मिरचीपूड त्या दुधात विरघळवली. पोहे नारळाच्या पाण्यात भिजवले आणि त्यावर तो कोळ ओतला. मुलं दोन दोन वेळा मागून घेत होती. मी ते जेवण विसरू शकत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी पोटमाळ्यावर असते आणि त्यातला एक डबा न शिजवता खाता येईल अशा जिनसांचा: पोहे, कुरमुरे, गूळ, भाजलेले दाणे, फुटाणे, खजूर, मेतकूट, लोणचं. नदीकाठच्या सगळ्यांना कळकळीने सांगतो, असा एक डबा उंचावर ठेवाच. त्यात दुधाचं काही नसतं, म्हणूनच तो टिकतो.

रातांबा

आमचा सिंधुदुर्गात रातांब्याचा छोटा व्यवसाय आहे, म्हणून कोकमाबद्दल थोडं. वर सगळ्यांनी आमसुलं घातलीत आणि ते बरोबरच आहे. ताक-दह्याची आंबट चव काढून घेतली की जेवण सपाट लागतं, ती जागा कोकम भरून काढतं.

आमसूल म्हणजे रातांब्याची साल, मीठ घातलेल्या त्याच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली. जितकी पुटं जास्त तितकं आमसूल काळसर, मऊ आणि आंबट. आगळ म्हणजे मीठ घालून ठेवलेला रस. त्यात मीठ भरपूर असतं. सोलकढी खारट झाली अशी तक्रार येते ती याचमुळे. नारळाच्या दुधात आधी आगळ घाला, चाखा, मग मिठाचं ठरवा. सोलकढी उकळायची नाही. आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कोकम घालू नका, कळकतं.

नाचणीच्या आंबिलीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लोकांना वाटतं ताकाशिवाय आंबील होत नाही. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून झाकून ठेवा. पावसाळ्यात थोडं उबेला, चुलीजवळ ठेवा. सकाळी त्याला स्वतःचाच आंबूस वास येतो. ते उकळत्या पाण्यात घालून शिजवा, मीठ, ठेचलेली लसूण, वरून कच्चा कांदा. ताक नंतर घालायची पद्धत आहे, ते नाही घातलं तरी आंबील आंबीलच राहते.

जास्वंद

मी आहारशास्त्र शिकवते. धागा फार आवडला. एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी, कारण इथे कोणाची तरी लेक, कोणाचा तरी मुलगा आहे.

भात आणि कडधान्य, भाकरी आणि पिठी या जोड्या प्रथिनांसाठी चांगल्या आहेत, एकाची उणीव दुसरं भरून काढतं. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, 100 ग्रॅममध्ये 350 मिलीग्रॅमच्या आसपास. दूध सोडलेल्यांनी नाचणी रोजच्या जेवणात आणावी. पण बी-12 जीवनसत्त्व वनस्पतीजन्य जेवणातून भरवशाने मिळत नाही. आंबवलेल्या पिठातून मिळतं, शेवाळातून मिळतं असं कोणी सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. त्याची कमतरता हळूहळू येते आणि मज्जातंतूंना इजा करते. वीगन माणसाने बी-12 ची गोळी घ्यायलाच हवी, मात्रा डॉक्टरांना विचारून. पागोळीताई, लेकीला एवढं जरूर विचारा.

पागोळी

जास्वंद, आजच विचारलं. ती घेते, आठवड्याला एक गोळी, डॉक्टरांनीच दिलेली. मला माहीतच नव्हतं. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

पडवी

गोडाचं काय? दूध-तुपाशिवाय गोड म्हणजे मला शिराही आठवत नाही.

तिरफळ

पडवी, कोकणात बसून हे विचारताय? रस-शिरवाळे! तांदळाच्या उकडीच्या शेवया आणि गूळ-वेलची घातलेलं नारळाचं दूध. हळदीच्या पानातले पातोळे, आत चून गूळ-खोबऱ्याचं. फक्त चुनाला तूप लावू नका, त्याला ते लागतही नाही. उकड काढताना तुपाऐवजी चमचाभर तेल घाला. आणि काही करायचं नसेल तर डब्यातली फणसपोळी कापून द्या.

बंदरकाठ

टाकळा उगवला असेल ना तुमच्या अंगणात? सगळं डब्यातलंच असावं असं नाही, पावसाने दारात दिलेलंही बाजाराबाहेरचंच. कोवळा पाला, त्यात ठेचलेल्या आठळ्या. मात्र ओळखीची भाजीच खुडा, नवख्याने रानभाजी एकट्याने तोडू नये.

पागोळी

बंदरकाठ, तुमचं वाचलं आणि छत्री घेऊन परसात गेले. टाकळा गुडघाभर झालाय, तरी शेंड्याची कोवळी पानं मिळाली, दोन मुठी. लेकीला मातीतून आठळ्या उकरायला लावल्या. तिला आठवत नव्हतं त्या कशा असतात. वरची कडक साल वरवंट्याने ठेचून काढायची, आतली तपकिरी पातळ साल राहिली तरी चालते. मिठाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकडल्या की बोटाने दाबल्यावर पिठूळ फुटतात. तेलावर लसूण, मिरची, कांदा, मग आठळ्या, मग टाकळा. पाला आळून एवढासा होतो. वरून खोबरं. तांदळाची भाकरी थापली आणि तिघी चुलीपाशीच जेवायला बसलो. सासूबाईंनी आपल्या पानातल्या दोन आठळ्या नातीच्या पानात टाकल्या.

संध्याकाळी निरोप आला, दरड बाजूला केली आहे, टेंपो उद्या येईल. तरी काळे वाटाणे भिजत घातलेत. तिरफळ, सुकं खोबरं डब्यात अर्धीच वाटी निघाली. वाटपाला ते पुरेल का, की ओलंही भाजून घालू? सकाळी आठच्या आत सांगाल तर बरं.

तिरफळ

पुरणार नाही. ओलं खोबरं घाला, पण आधी कोरडंच परतून त्यातलं पाणी आटवा, मग तेल सोडा. त्याला वेळ दुप्पट लागतो, आच मंद ठेवा. ओल्या खोबऱ्याचा रस थोडा गोडसर होतो, म्हणून आमसूल एक जास्त.